आठ वर्षं लोहाच्या गोळ्या, आणि लोह कमी नव्हतंच

‘रक्त कमी आहे’ हे ऐकत मी आठ वर्षं काढली. दर वेळी तेच. हिमोग्लोबिन १०.९, तीन महिने लोहाच्या गोळ्या, पुन्हा तपासणी, पुन्हा पावणेअकराच्या आसपास. ‘गोळ्या नीट घेत नसाल’ असंही ऐकून घेतलं. घेत होते हो! बद्धकोष्ठ सोसून घेत होते.

गेल्या वर्षी एका नव्या डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला आणि हिमोग्लोबिन सोडून थेट खाली बोट ठेवलं. एमसीव्ही ६२. हा तांबड्या पेशीचा सरासरी आकार, साधारण ८० ते १०० हवा. पेशी लहान म्हटल्यावर लोहच आठवतं सगळ्यांना. पण बोट आरबीसी काउंटवर गेलं : ५.६. लोह कमी असलं की पेशींची संख्याही सहसा घसरते. माझ्या पेशी भरपूर, पण चिमुकल्या. त्यांनी तिथेच कडेला पेनाने भागाकार केला, ६२ भागिले ५.६, अकरा. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या हिमोग्लोबिनच्या सौम्य दोषाची, शंका घ्यायची. नुसती शंका हं, निदान नव्हे. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, व्यवस्थित निघालं. मग एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी. त्यात एचबीए२ हा प्रकार ५.२ टक्के, ३.५ च्या पुढे गेलं की बहुतेक उत्तर मिळतंच. जन्मापासूनचं आहे म्हणे.

घरी येऊन जुनी फाइल काढली. प्रत्येक रिपोर्टात एमसीव्ही साठीतच, शेजारी ‘लो’ छापलेलं. आठ वर्षं कोणी वाचलंच नाही, मीही नाही.

माझा राग यावरच आहे. हिमोग्लोबिन कमी हे लक्षण झालं, कारण नव्हे. बहुतेकांचं लोहच कमी असतं, मान्य. पण ते कुठे जातंय? एखाद्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर पोटात, आतड्यात कुठे रक्त झिरपत नाही ना, हे बघायलाच हवं. नुसत्या गोळ्यांनी आकडा सुधारतो आणि खरं दुखणं झाकलं जातं.

एकच आकडा धरून बसण्यातही फसगत आहे. अंगात ताप, सूज असेल तर फेरिटिन वर चढतं, साठा रिकामा असूनही रिपोर्ट साळसूद दिसतो. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असलं तर काही पेशी लहान, काही मोठ्या, सरासरी मात्र झकास नॉर्मल! तिथे आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांतल्या फरकाचा आकडा, चुगली करतो, नाहीतर काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकातून बघणारा माणूस.

आईवडील दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे याचाच गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून नवऱ्याची तपासणी आधी करून घेतली, नॉर्मल आली. आता धाकट्या भावाच्या मागे लागलेय, लग्न ठरतंय त्याचं. तो म्हणतो, ‘मला कुठे थकवा येतो?’