भडंग खाऊन कोलायटिस होत नाही

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) तिखटानं आणि टेन्शननं होतो, सिगारेट ओढणाऱ्यांना होत नाही, आणि रोज दोन चमचे हळद घेऊन गोळ्या बंद केल्या की मुळापासून जातो. मिरजेत माझं मेडिकल आहे. हा मेसेज दाखवून 'या वेळी गोळ्या नकोत' म्हणणारे काउंटरवर येऊ लागले, तेव्हा गप्प बसणं बरं वाटेना.

आधी तिखट. या आजाराचं नाव वैद्यकीय लिखाणात आलं ते १८५९ मध्ये, लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांच्याकडून. पुढची कितीतरी वर्षं तो प्रामुख्यानं उत्तर युरोप आणि अमेरिकेत दिसायचा, म्हणजे जिथं आपला कांदा-लसूण मसाला कुणी पाहिलाही नव्हता तिथं. होतं असं की शरीराची प्रतिकारशक्तीच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि वर सरकत जाते. आनुवंशिकता आहे, सख्ख्या नात्यात कुणाला असेल तर धोका वाढतो. तरी बहुतेक पेशंटच्या घरात दुसऱ्या कुणालाच नसतो. आतड्यातल्या जिवाणूंचा बिघडलेला तोल आणि बदललेलं राहणीमान यांचाही हात त्यात मानला जातो. नेमकं एकच कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. आजार उसळलेला असताना झणझणीत रस्सा सोसणार नाही, हे खरं. पण सोसत नाही म्हणजे त्यानंच झाला, असं नाही. घरात आजारी पोरालाच 'तू भडंग खात होतास म्हणून' असं ऐकवलं जातं, त्याचा मला जास्त राग येतो.

टेन्शनचंही तेच. त्यानं त्रास उसळू शकतो. आजार त्यानंच जडतो हे सिद्ध झालेलं नाही.

सिगारेटचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. ओढणाऱ्यांमध्ये हा आजार कमी आढळतो आणि सोडल्यावर धोका वाढलेला दिसतो, हे अभ्यासांत आलंय. पण त्याच सिगारेटनं क्रोन्स हा याचा भाऊबंद आजार बळावतो; फुप्फुस आणि हृदयाचं तर सांगायलाच नको. कुठलाही डॉक्टर यासाठी सिगारेट लिहून देत नाही.

मेसेजमध्ये जे नाही तेही सांगतो. गुडघा, कंबर धरली की लोक डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मागायला येतात. काही पेशंटमध्ये या गोळ्यांनी कोलायटिस उसळतो. अँटिबायोटिकही मनानं घेऊ नका.

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान मलाही आहे. हळदीतल्या कर्क्युमिनवर अभ्यास झाले, काहींत फायदाही दिसला. पण एका अभ्यासात दिवसाला ३ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं होतं, आणि तेही मेसालामाइन या कोलायटिसवरच्या नेहमीच्या औषधाच्या गोळ्या चालू ठेवून. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरलं तर तेवढ्यासाठी रोज १०० ग्रॅम हळद खावी लागेल. दोन चमच्यांनी दूध पिवळं होईल, एवढंच. शिवाय रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर कर्क्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

'गोळ्या बंद करा' ही ओळ सगळ्यात वाईट. मेसालामाइन बरं वाटत असतानाही चालू ठेवायचं असतं, कारण ते पुढची उसळी टाळण्यासाठी असतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्यानं एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. डोस टप्प्याटप्प्यानंच उतरवतात. आजार जुना झाला की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून साधारण आठ वर्षांनंतर ठरावीक अंतरानं कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, करायला सांगतात. आणि ज्यांना शौचातून रक्त जातंय, पण 'मूळव्याध असेल' म्हणून जे माझ्याकडे नुसतं मलम मागतात, त्यांनी मलमाआधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवावं. रक्ती आव, मूळव्याध आणि कोलायटिस यांतला फरक दुकानाच्या काउंटरवरून मलाही कळत नाही.