चार्नलीने जगातला पहिला खुबा बदलला, तोही एकट्याने? नाही हो

सध्या हे फिरतंय: "सर जॉन चार्नली या ब्रिटिश सर्जनने १९६२ साली लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलमधे जगातली पहिली हिप रिप्लेसमेंट केली, सगळी आयडिया त्याची एकट्याची, आणि पहिल्याच फटक्यात सक्सेस." गेल्या वर्षी माझ्या आईचा खुबा बदलला म्हणून तीन नातेवाइकांनी मला हेच पाठवलं. चार्नलीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हे असं फिरताना बघवत नाही.

पहिली वगैरे नाही. बर्लिनमधे ग्लुकने १८९०च्या आसपासच हस्तिदंताचे सांधे बसवून बघितले होते, १९३८ मधे लंडनला फिलिप वाइल्सने स्टीलचे बसवले, नॉर्विचचा मॅकीसुद्धा चार्नलीच्या आधीपासून धातूच्या सांध्यांवर काम करत होता.

आता लंडन. चार्नलीचा जन्म १९११ चा, लँकेशायरमधल्या बरी गावचा, वडील केमिस्ट, आई नर्स. शिकला मँचेस्टरला, नोकरी मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीत. आणि खुब्याचं खरं काम झालं ते विगनजवळच्या राइटिंग्टन हॉस्पिटलात, म्हणजे टीबीचं जुनं सॅनिटोरियम, टीबीवर औषधं आली आणि तिथल्या खाटा रिकाम्या व्हायला लागल्या, तिथे याने बस्तान बसवलं.

पण सगळ्यात जास्त खटकलं ते "पहिल्याच फटक्यात". अहो, आधी त्याने वाटीसाठी (म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो ती) टेफ्लॉन वापरलं, सुमारे ३०० पेशंटना, आणि सुरुवातीला लोक इतके मस्त चालायला लागले की सगळे खूश, पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या भुग्याने आजूबाजूचं हाड खराब व्हायला लागलं, आणि ते सांधे पुन्हा उघडून काढावे लागले. याने ते लपवलं नाही. टेफ्लॉनचे तुकडे स्वतःच्या मांडीत बसवून घेतले, शरीर काय करतं ते बघितलं आणि १९६३ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. माझ्या मते हा माणूस मोठा ठरतो तो इथे, आणि नेमकं हेच त्या मेसेजमधून गाळलंय.

आणि एकट्याची आयडिया? १९६२ च्या मे महिन्यात एक सेल्समन राइटिंग्टनला एक नवीन प्लास्टिक घेऊन आला, लँकेशायरच्या यंत्रमागांचे गिअर त्याचे बनायचे. वर्कशॉपमधल्या हॅरी क्रेव्हनने तुकडा घेऊन ठेवला. चार्नलीने त्यात नख रुतवून बघितलं आणि वेळ घालवू नकोस म्हणून सांगून टाकलं. क्रेव्हनने तरीही, साहेब कोपनहेगनला गेलेले असताना, तो तुकडा झिजवायच्या मशीनवर लावला, रात्रंदिवस. तीन आठवड्यांत जेवढं झिजलं ते टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षाही कमी! त्याच नोव्हेंबरमधे पहिल्या पेशंटला ती वाटी बसली, तेच ते गाजलेलं १९६२. क्रेव्हन ऐकून गप्प बसला असता तर?

सांधा हाडात पक्का बसवायचं सिमेंटही असंच, कवळ्यांसाठी वापरतात ते अ‍ॅक्रिलिक, सुचवलं मँचेस्टरच्याच दंतवैद्यक विभागातल्या डेनिस स्मिथने. ऑपरेशन थिएटरची हवा शुद्ध ठेवायला मदत केली ती कापडगिरण्यांच्या हवेचं काम करणाऱ्या तिथल्याच इंजिनिअरने, आणि अशा उपायांनी सात टक्क्यांच्या आसपास असलेलं इन्फेक्शन पुढे एक टक्क्याच्या आत आलं. आणि कितीतरी पेशंटनी मेल्यानंतर आपला खुबा काढून तपासायला लेखी परवानगी दिली होती, त्यांची नावं तर कुठेच येत नाहीत.

आईचा एक्स-रे बघताना मावशीने विचारलेलं, बॉल आणि वरच्या वाटीच्या मधे ही जागा रिकामी का, काही राहिलं का बसवायचं? डॉक्टर म्हणाले रिकामी नाही ती, तिथे प्लास्टिक आहे, एक्स-रेत दिसत नाही. मागाच्या गिअरचं होतं ना, त्याच जातीचं.