कोंबडीचा तळवा म्हणजे तुमच्या टाचेचं कुरूप नव्हे

"येताना दोन नवी ब्लेडं आन. कोंबरीचा पाय कापाचा हाय."

गेल्या बुधवारी संध्याकाळी, दुकानात ऐन गर्दी असताना, मढहून आत्याचा हा व्हॉइस मेसेज आला. मी मालाडला औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, त्यामुळे जगातली सगळी औषधं माझ्या खिशात असतात अशी आत्याची समजूत. ब्लेडांसोबत सिप्रो या अँटिबायोटिकची एक पट्टी आणि 'सूज उतरायची गोळी'ही मागवली होती. हे कुठून काढलंस म्हणून विचारलं, तर तिने फॉरवर्ड पाठवला. तोच फॉरवर्ड आठवडाभर आधी एका गिऱ्हाइकाने मला दाखवला होता आणि मी हसून सोडून दिला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं.

फॉरवर्ड म्हणतो: कोंबडी लंगडते? तळव्याखाली काळी खपली आहे? ते कुरूप. डॉक्टरला पैसे घालू नका. नव्या ब्लेडने खपलीभोवती गोल कापा, आतला गाभा मुळासकट उपटा. कोंबडीच्या तळव्यात जीव नसतो, तिला काही कळत नाही. जखमेत हळद-चुना भरा. माणसाची सिप्रोची अर्धी गोळी आणि दुखण्या-सुजेवरच्या डायक्लोफेनॅकची अर्धी, तीन दिवस. अंडी बिनधास्त खा, औषध अंड्यात उतरत नाही. पायाच्या बाकी कुठल्याही रोगावर रॉकेल. रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवा. आणि शेवटी, अर्थातच, दहा जणांना पाठवा.

आधी ते 'जीव नसतो' घेऊ, कारण माझं डोकं तिथेच फिरलं. अहो, तळव्यात जीव नसेल तर कोंबडी लंगडते कशाला? मेसेजची सुरुवातच लंगडण्यापासून आहे! पण लिहिणाऱ्याला चार ओळींपूर्वी आपण काय लिहिलं ते आठवत नाही, आणि वाचणाऱ्याला पाय कापायची घाई. असं वाटण्याचं कारण मला कळतं. कोंबडीला पकडून उताणी धरली की ती गप्प पडते, आणि आपण म्हणतो, बघा, शांत झाली. ती शांत झालेली नसते, भीतीने थिजलेली असते. घारीच्या नाहीतर मुंगसाच्या तावडीत सापडलेला पक्षी जसा निपचित पडतो, तसं ते. दुखणं दाखवणारी कोंबडी आधी उचलली जाते, म्हणून ती ओरडत नाही.

आणि हे फक्त माझं मत आहे असं कोणाला वाटत असेल तर एक प्रयोग सांगतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली तो 'व्हेटरिनरी रेकॉर्ड'मध्ये छापला. लंगडणाऱ्या आणि धडधाकट अशा दोन्ही ब्रॉयलर कोंबड्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं. एकात कारप्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेलं, दुसरं साधं. कोणतं खायचं ते कोंबड्यांनी ठरवायचं. लंगड्या कोंबड्या औषधाच्या खाद्याकडे वळल्या, आणि लंगडणं जितकं जास्त, तितका त्या खाद्याचा वाटा जास्त. जिला 'काही कळत नाही' ती कोंबडी स्वतःचं दुखणं ओळखून स्वतःचं औषध निवडते. तिचा पाय तुम्ही बधिर न करता, मोरीच्या कट्ट्यावर, दाढीच्या ब्लेडने कापणार. बधिर करायचं इंजेक्शन आणून देतोस का, असंही आत्याने विचारलंच. नाही. पक्ष्यांना ती औषधं मोजून मापून द्यावी लागतात, थोडी जास्त झाली की जीवावर बेततं.

आता 'गाभा'. इथे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं की फॉरवर्डवाल्याने काहीतरी खरं पाहिलेलं आहे. आपल्याला गळू झालं तर पू पातळ असतो, तोंड फुटलं की वाहून जातो. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू विरघळवणारी ती रसायनं नसतात, म्हणून त्यांचा पू पनीरच्या खड्यासारखा घट्ट होतो. खपलीखाली कडक गोळा लागतो तो हाच. पण त्याला मूळ नसतं हो! कुरूप म्हणजे घासून घासून जाड झालेली कातडी. हा जंतुसंसर्ग आहे, इंग्रजीत बंबलफूट म्हणतात तो. बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू तळव्याच्या बारीकशा चिरेतून आत शिरतो. बोटं आवळणाऱ्या कंडरा तळव्यातूनच जातात, रक्तवाहिन्याही तिथेच, आणि पू त्यांच्या आजूबाजूने पसरतो. गोळा ओढून काढताना कंडरा तुटली तर कोंबडीला दांड्यावर बसता येणार नाही, कायमचं. पू हाडापर्यंत गेला असेल तर वरचा गोळा काढून उपयोग शून्य, आणि हाडापर्यंत गेलाय की नाही ते ब्लेडने कळत नाही, एक्स-रेने कळतं. शिवाय हा जंतू माणसालाही लागतो. आत्याला मधुमेह आहे, आणि ती हे उघड्या हातांनी करणार होती. मेसेजमध्ये हातमोज्यांचा उल्लेख शोधून दाखवा.

गोळ्यांचं प्रकरण माझ्या धंद्यातलं, म्हणून थोडं हिशेबाने. साठ किलोच्या माणसाला एक गोळी. दीड किलोच्या कोंबडीला अर्धी. किलोमागे किती झाली? वीसपट. गोळी कुठलीही घ्या, उत्तर वीसपटच येतं. आणि डायक्लोफेनॅक! महाराष्ट्रात बसून कोणी पक्ष्याला डायक्लोफेनॅक द्या म्हणतं यावर माझा विश्वास बसेना. हे औषध टोचलेली गुरं मेली, ती खाऊन गिधाडं मेली, मूत्रपिंडं निकामी होऊन. पक्क्या पुराव्यानिशी हे २००४ साली पुढे आलं. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरू लागले, तेव्हा २०१५ साली त्या बाटल्याही बंद करून ३ मिलीवर आणल्या. कोंबडीचं मूत्रपिंडही यातून सुटत नाही. आत युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो आणि पक्षी मरतो. मग घरचे म्हणतात, पाय बरा होत होता पण हाय खाल्ली बिचारीने. सिप्रो काय, डायक्लोफेनॅक काय, दोन्ही चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. आत्या असली तरी.

अंड्यांबद्दल: औषध अंड्यात उतरतं. कोंबडीच्या पोटात एकाच वेळी लहानमोठे बलक ओळीने तयार होत असतात, आणि एक बलक भरायला साधारण दहा दिवस लागतात. आज दिलेली गोळी पुढच्या आठवड्यातल्या अंड्यातही निघू शकते. आत्याची अंडी निम्मी गल्ली नेते, त्यात माझी पुतणीही आली.

हळद-चुना मुरगळलेल्या पायावर, धड कातडीवर लावतात. उघड्या जखमेत चुना भरणं म्हणजे मांस भाजणं. पान खाताना चुना जरा जास्त झाला की जिभेचं काय होतं ते आठवा. नुसत्या हळदीने नुकसान नाही, पण आतला पू तिने निघत नाही.

रॉकेलवर शब्द घालवायची इच्छा नाही, तरी एवढं सांगतो: नडगीवरचे खवले उभे राहून पाय खडबडीत, जाडजूड दिसत असेल तर तो वेगळाच रोग. खवल्यांखाली बारीक किडे असतात. तिथे व्हॅसलीन किंवा तेल पुन्हा पुन्हा चोपडलं की किडे गुदमरतात. रॉकेलने ते मरतील कदाचित, कातडीही जाईल.

आणि मिठाचं पाणी. ठीक आहे, हे बरोबर आहे. साध्या मिठापेक्षा एप्सम सॉल्ट घ्या, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवा, मग नीट कोरडा करा, पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावून स्वच्छ पट्टी बांधा, रोज बदला. तळवा नुसता लाल, चकचकीत, खवले झिजलेला असेल, किंवा खपली छोटी नि सूज नसेल, तर एवढ्याने पुष्कळदा भागतं. सूज असेल, पाय गरम लागत असेल, कोंबडी एक पाय वर धरून उभी राहत असेल, तर दवाखाना. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, पत्ता विचारायची गरज पडू नये.

ही जखम झाली कशाने, याबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. रविवारी वर्सोव्याहून बोटीने मढला गेलो आणि खुराडं बघितलं. खाली ओला भुसा, पावसाळ्यापासून न बदललेला. अंगणात शिंपल्यांचे तुकडे, जुन्या जाळ्याच्या तारा. कोंबड्या रात्री बसतात तो लोखंडी पाइप माझ्या छातीएवढ्या उंचीवर, आणि सकाळी तिथून थेट लादीवर उडी. त्यात दोन गिरिराज जातीच्या, अंगाने जड. खायला भात आणि शिळा पाव, पाल्याचं नाव नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तळव्याची कातडीही कच्ची राहते. अशा खुराड्यात पाय कापा नाहीतर सोन्याने मढवा, महिनाभरात दुसऱ्या पायाला गाठ येणार. पाइप काढून जुन्या होडीची फळी गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकली, कडा घासून. भुसा बदलला. शेवग्याचा पाला आत्याच्याच परसात होता.

पाय दुखावलेल्या तीन कोंबड्या निघाल्या, त्यांपैकी दोघींचं पट्टीवर भागतंय. तांबडी मात्र टोपलीत घालून, वर फडकं बांधून, मालाडहून लोकलने परळला नेली. डब्यात सगळ्यांनी भाव विचारला. डॉक्टरांनी भूल देऊन पू काढला, कोंबड्यांसाठीचं औषध मापाने लिहून दिलं, आणि त्या दिवसांतली अंडी कधीपर्यंत फेकायची तेही. तिने परवा फळीवर बसायचा प्रयत्न केला, पडली, पुन्हा बसली.

आत्याने मेसेज अकरा जणींना पाठवला होता. तिच्याच फोनवरून एकेकीला फोन लावला. चौघींनी उचलला. चौथीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बोक्याच्या पायाला चालंल ना?"