'मुझे दो भाई हैं' का चालत नाही

कोथरूडकर, 'हॅव'ची वाक्यं हिंदीत कशी करायची यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की एका क्रियापदासाठी एवढी ढीगभर वाक्यं कशाला, 'हॅव म्हणजे के पास होना' एवढं सांगितलं की झालं, उरलेलं मोबाइल करून देतो. शिवाय 'मुझे दो भाई हैं' हे मी उगाच चूक ठरवलं, पुण्यात सगळे तसंच बोलतात.

शेवटचं आधी घेते. बोलतात, खरंय. मंडईत, रिक्षात, सोसायटीच्या वॉचमनशी ते खपूनही जातं. पण माझ्याकडची मुलं महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभेच्या प्रबोध-प्रवीण या हिंदीच्या परीक्षांना बसतात, आणि उत्तरपत्रिकेत ते खपत नाही.

मुळात हे वाक्य येतं कुठून? समोर असतं 'आय हॅव टू ब्रदर्स'. मूल मनात आधी मराठी करतं, मला दोन भाऊ आहेत, आणि मग 'मला'चं 'मुझे'. ही सवय लागते कारण ती बऱ्याचदा बरोबर ठरते. मला ताप आहे, मुझे बुखार है. मला घरी जायचंय, मुझे घर जाना है. भावंडांपाशी आलं की मात्र हिंदी 'मेरे' मागते: मेरे दो भाई हैं. गाईच्या निबंधात तेच. 'गाय को दो सींग होते हैं' असं हमखास कुणीतरी लिहितं, हवं असतं 'गाय के'. वेळेची गंमत तिसरीच. आपण 'मला वेळ नाही' म्हणतो, म्हणून मुलं 'मुझे समय नहीं है' लिहितात, आणि तिथे नेमकं तुमचं 'के पास' लागतं. म्हणजे तुमचा नियम पैशाला चालेल, वेळेला चालेल. भावाला लावलात तर भाऊ पाकिटात ठेवल्यासारखा वाटेल. तापाला तर नकोच.

बाजारात मिळणारी इंग्रजी-हिंदी भाषांतराची बहुतेक पुस्तकं घरात हिंदी बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवायला लिहिलेली असतात. 'मेरे' कुठे आणि 'मेरे पास' कुठे, हे त्यांच्या वाचकाला सांगावंच लागत नाही. आपल्या मुलांना सांगावं लागतं.

मराठी दरवेळी आडवीच येते असंही नाही. गाईला शिंगं 'असतात' आणि या गाईला शिंगं 'आहेत', हा फरक इंग्रजी 'हॅव'मध्ये दिसत नाही. हिंदीत तो 'होते हैं' आणि 'हैं' असा जसाच्या तसा आहे, मुलांना तो शिकवावाही लागत नाही.

खरा गोंधळ पुढे, 'आय हॅव ईटन'ला. आपण म्हणतो 'मी खाल्लंय'. आपल्या 'मी'ला 'ने' लागतच नाही, मग मुलं लिहितात 'मैं खाया हूँ'. त्यांच्याकडून 'मैंने खाया है' घोटून घ्यावं, तर लगेच खालचं वाक्य येतं, 'ही हॅज ब्रॉट द बुक'. त्याने पुस्तक आणलंय, म्हणून 'उसने किताब लाई है'. आणि इथे नेमका 'ने' नको: वह किताब लाया है. खाना 'ने' घेतं, लाना घेत नाही. ही दोन वाक्यं मी मुद्दामच एकाखाली एक ठेवली होती, तुम्हाला ती एकसारखी वाटली म्हणून सांगते.

मोबाइल ही सगळी वाक्यं बरोबर देईलही. परीक्षेच्या हॉलमध्ये तो दाराबाहेर राहतो.

'हिंदी सक्तीवाल्यांची तळी उचलता' हा टोमणाही वाचला. पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय सरकारनं २९ जून २०२५ ला मागे घेतले तेव्हा मलाही हायसं वाटलं होतं. पाचवीतल्या मुलाच्या दप्तरात हिंदीचं पुस्तक आहेच, तर ते नीट शिकवावं, माझं एवढंच काम.

पुढच्या लेखात इंग्रजीतलं 'गेट' हे क्रियापद घेणार आहे. त्याला वाक्यं याहून जास्त लागतील, आत्ताच सांगून ठेवते.