मोडेमचा तो आवाज

फोनलाइनवरून जोडायच्या जुन्या डायल-अप इंटरनेटवरच्या लेखात त्याच्या जोडणीच्या आवाजाला ‘कर्कश गोंगाट’ म्हटलंय, ते मला पटलं नाही. दोन मोडेम, म्हणजे संगणकाला फोनलाइनशी जोडणारी यंत्रं, तेव्हा एकमेकांशी बोलत असायचे! पलीकडून आधी २१०० हर्ट्झचा सलग सूर यायचा, मग दोघं मिळून लाइन तपासायचे आणि वेग ठरवायचे. आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या घरी पावसाळ्यात फोनवर खरखर असली की ५६ केचा, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट वेगाचा, मोडेम मुकाट्याने २८ केवर उतरायचा. पुढे पुढे मला ते नुसतं ऐकूनच कळायला लागलं होतं.

पण खरी आठवण येते ती ईमेलच्या पत्रांची. फोनचं मीटर सतत चालू, म्हणून युडोरा या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये सगळं आधी लिहून ठेवायचं. रात्री उशिरा, कूलरच्या घरघरीत, लाइन जोडायची, पाठवायचं, आलेलं उतरवून घ्यायचं आणि लगेच तोडायचं. वाचन मग निवांत. पुण्याचा दादा शेल अकाउंटवर, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या खात्यावर, पाइन हा ईमेलचा प्रोग्रॅम वापरायचा, पडद्यावर फक्त अक्षरं. मराठी रोमन लिपीत, ‘त’ आणि ‘ट’ला एकच अक्षर, तरी त्याला ‘ताट’ बरोबर कळायचं. शिवाजी या मराठी फॉन्टमध्ये लिहून पाठवलं आणि त्याच्याकडे तो फॉन्ट नसला, तर सगळा काला.

त्याची १९९९ची पत्रं अजून माझ्याकडे आहेत. युडोरा ती साध्या मजकुराच्या फायलींत ठेवायचं, त्यामुळे आजही कुठेही उघडतात. परवाच आईला दोन वाचून दाखवली.