ताटलीचा दोष आणि मनगटाचा

गेले काही महिने फ्रिस्बीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. आधी आमच्या नेरुळच्या ग्रुपवर आला, मग खारघरच्या. शेवटी ठाण्याच्या भाच्याने तोच मला पाठवला, वर ‘मामा, हे वाच’ असं लिहून. डिस्क गोल्फ सुरू करणाऱ्यांना सल्ला असा त्याचा थाट आहे, आणि मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या डिस्कबद्दल त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. मिडरेंज हा ना धड इकडचा ना तिकडचा प्रकार, लांब फेकायची ड्रायव्हर आणि जवळून टाकायची पटर असली की पुरे. घ्यायचीच तर 180 ग्रॅमची घ्या, जड तेवढी सरळ. प्लास्टिक महागातलंच हवं, साधं महिन्याभरात बाद होतं. डिस्कवर छापलेले चार आकडे वाचले की ती कशी उडणार ते कळतं. आणि शेवटची गोष्ट: दहा फेकींत सरळ गेली नाही तर ती डिस्क तुमच्या हाताची नाही, दुसरी घ्या.

ज्यांना हा खेळच नवा आहे त्यांच्यासाठी एक वाक्य. गोल्फमधला चेंडू काढा, त्या जागी डिस्क घ्या. भोक काढा, त्या जागी साखळ्या लोंबणारी बास्केट ठेवा. कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये घाला. आमच्याकडे बास्केटऐवजी बहुतेक वेळा गुलमोहराचं खोड असतं. मैदानाचा वॉचमन डिस्कला ताटली म्हणतो, आणि आता आम्हीही तेच म्हणतो. गुडघ्याने साथ सोडली तेव्हा मी अल्टिमेट फ्रिस्बी, म्हणजे संघ करून पळत खेळायची फ्रिस्बी, थांबवून इकडे वळलो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते कुणा चॅम्पियनचं नाही, चुका करून शिकलेल्या माणसाचं आहे.

पहिला मुद्दा. मिडरेंज मधली आहे हे खरं, पण म्हणून अडगळ कशी? डिस्ट्रॉयर नावाची प्रसिद्ध ड्रायव्हर घ्या. तिचा काठ दोन सेंटिमीटरपेक्षा रुंद आहे, वेगाचा आकडा 12. तो वेग हाताने दिला तरच ती पल्ला गाठते. नवशिक्याचा हात तेवढा चालत नाही, मग ती थोडं जाऊन डावीकडे कोसळते. पहिल्या वर्षात माझी ड्रायव्हर आणि मिडरेंज जवळपास एकाच अंतरावर पडायच्या, साठ मीटरच्या आतबाहेर. फरक इतकाच, की मिडरेंज कुठे पडेल याचा अंदाज यायचा. ड्रायव्हर एकदा मैदानाची भिंत ओलांडून पलीकडच्या होल्डिंग पॉण्डमध्ये गेली. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला नवी मुंबईत असे तलाव ठेवले आहेत. त्यातल्या गाळात उतरून डिस्क शोधायची माझी हिंमत झाली नाही. सेक्टरातली मैदानं मुळात लहान, त्यात अर्ध्या भागात क्रिकेट. अशा जागेत शंभर मीटर जाऊ पाहणारी कडक काठाची वस्तू फेकणं हा खेळापेक्षा जास्त शेजाऱ्यांच्या डोक्याचा प्रश्न आहे.

इतिहासही मेसेजच्या बाजूने नाही. तिरप्या काठाची पहिली गोल्फ डिस्क 1983 साली आली, इनोव्हा कंपनीची ईगल. रॉक ही मिडरेंज 1987 ची. डिस्ट्रॉयर आली 2007 मध्ये. केन क्लायमो या अमेरिकन खेळाडूने 1990 ते 1998 सलग नऊ वेळा जागतिक विजेतेपद मिळवलं आणि एकूण बारा वेळा तो जगज्जेता झाला. त्याचं शेवटचं, 2006 चं विजेतेपदसुद्धा डिस्ट्रॉयर बाजारात येण्याआधीचं. त्याच्या नावाने निघालेली रॉक आजही लोक शोधून घेतात. ‘मधल्या’ डिस्कला हिणवणाऱ्याने निदान एवढं तरी बघायला हवं होतं.

वजनाचं थोडक्यात सांगतो. पीडीजीए या खेळाच्या संघटनेचा नियम असा, की व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त 8.3 ग्रॅम. मिडरेंजचा व्यास साधारण 21.7 सेंटिमीटर, म्हणजे कमाल वजन 180 ग्रॅमच्या जेमतेम पुढे. मेसेजवाला सरसकट वरची मर्यादाच सांगतोय. जड डिस्क वाऱ्याला कमी दाद देते, हे बरोबर. पण हळू हाताला ती पुढे नेणं जड जातं आणि ती लवकर डावीकडे झुकते. 170 ते 176 च्या दरम्यान काहीही चालेल. अल्टिमेटची डिस्कही 175 ग्रॅमचीच असते, पण तिचा व्यास 27 सेंटिमीटरच्या वर असतो. त्यामुळे तिकडून आलेल्यांना मिडरेंज हातात घेताच वजनापेक्षा आकार चकवतो.

इथे मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट घुसवतो, कारण निवड करताना मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. काठाखाली बोट फिरवून बघा. रॉकला खाली एक बारीक कंगोरा असतो, बझ या डिस्कला नसतो. काहींच्या बोटाला तो कंगोरा आधार देतो, काहींना सोडताना अडतो. मला अडतो, भाच्याला हवाच असतो. हे कुठल्याही आकड्यात छापलेलं नसतं, आणि ऑनलाइन मागवून कळतही नाही. मैदानावर जो भेटेल त्याची डिस्क मागून दहा मिनिटं हातात धरा. या खेळातले लोक डिस्क द्यायला नाही म्हणत नाहीत, उलट तासभर बोलत बसतात.

प्लास्टिकच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. आमच्या मैदानावर गवतापेक्षा मुरूम जास्त. साध्या प्लास्टिकच्या काठावर महिन्याभरात ओरखडे दिसतात, हे कबूल. महाग, पारदर्शक, कडक प्लास्टिक तुलनेने वर्षानुवर्षं टिकतं. पण तेच प्लास्टिक जुलैत हातात धरून बघा. पाऊस, घाम, ओला काठ: पकड घट्ट होण्याआधीच डिस्क निसटलेली असते. साधं प्लास्टिक अशा हवेत हाताला जास्त चिकटून राहतं, आणि ते बरंच स्वस्त असतं. मी कमरेला पंचा खोचून जातो. प्रत्येक फेकीआधी काठ पुसायचा, मग बोटं पुसायची, मग फेकायची.

शिवाय झिजणं म्हणजे बाद होणं हे मला मान्यच नाही. साध्या प्लास्टिकची रॉक नवी असताना शेवटी ठामपणे डावीकडे पडते. काठ झिजत जातो तशी ती हळूहळू सरळ जायला लागते, आणखी झिजली की सुरुवातीला उजवीकडे वळायला लागते. जुने खेळाडू अशा वेगवेगळ्या वयाच्या तीन-चार रॉक पिशवीत बाळगतात आणि हव्या त्या वळणासाठी हवी ती काढतात. मेसेजवाला ज्याला बाद म्हणतो, त्याच्यासाठी दुसऱ्याने दोन पावसाळे वाट बघितलेली असते.

आता आकडे. चार आकडे असे: वेग, तरंगणं, सुरुवातीला उजवीकडे वळणं, शेवटी डावीकडे पडणं. हे उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी. डावखुऱ्याला आणि फोरहँडला उलटं. रॉकचे आकडे 4, 4, 0, 3. बझचे 5, 4, उणे 1, 1. माको थ्री या आणखी एका मिडरेंजचे 5, 5, 0, 0, म्हणजे कागदावर ती आगगाडीच्या रुळासारखी सरळ. पीडीजीए डिस्कला मान्यता देताना व्यास, वजन, काठाची रुंदी, लवचिकता अशा गोष्टी तपासते. हे चार आकडे ती ठरवत नाही. ते कंपनीचे असतात. एकाच कंपनीच्या दोन डिस्कची तुलना करायला ते उपयोगी आहेत. मी स्वतः त्यावरूनच पहिली चाळणी लावतो आणि नवशिक्याला वेग 4 किंवा 5, वळणं शून्य किंवा उणे एक, पडणं एक, अशी डिस्क सुचवतो. पण ‘ती कशी उडणार ते कळतं’? छे.

सीवूड्सला दुपारी तीननंतर या. खाडीवरून पश्चिमेचा वारा सुटलेला असतो. खाडीकडे तोंड करून बझ सोडा: समोरून येणाऱ्या वाऱ्यात डिस्कला हवा अधिक वेगाने लागते, ती उजवीकडे वळते आणि कधीकधी तशीच कलंडून जमिनीवर चाकासारखी धावत जाते. आता पाठ फिरवा आणि तीच डिस्क तशीच रेल्वे लाइनच्या दिशेने सोडा. वारा पाठीमागून आला की ती वळतच नाही, लवकर खाली बसते आणि डावीकडे पडते. डिस्क तीच, हात तोच, छापलेले आकडेही तेच. त्यात परदेशी व्हिडिओ बघून डिस्क घेणाऱ्यांची वेगळीच गंमत. कोलोरॅडोतलं डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटरवर आहे. तिथली हवा विरळ, म्हणून डिस्क कमी वळते आणि कमी तरंगते. तिकडे ‘एकदम सरळ’ गेलेली डिस्क आमच्या खाडीकाठच्या दाट हवेत उजवीकडे झुकली तर तिचा काय दोष?

मेसेजमधल्या शेवटच्या सल्ल्याने खरं नुकसान होतं. पहिल्या चार मुद्द्यांनी फार तर थोडे पैसे वाया जातील. दहा फेकींत डिस्क बदलणारा मात्र शिकतच नाही.

भाच्याचंच बघा. मेसेज वाचून त्याने चार महिन्यांत चार मिडरेंज घेतल्या. एका रविवारी सकाळी सहाला माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, चौथीपण खराब निघाली.”

“किती वेळा टाकलीस?”

“सात-आठ वेळा. सगळ्या वर जातात आणि डावीकडे पडतात. फारच ओव्हरस्टेबल आहे, डावीकडेच ओढणारी.”

मी त्याला म्हटलं, टाक. डिस्क निघाली तीच नाक वर करून. पुढचा काठ वर असला की डिस्क चढते, वेग हरवते, हवेत थबकते आणि डावीकडे खाली येते. बघणाऱ्याला वाटतं, डिस्कचाच स्वभाव डावीकडे पडायचा आहे. मग तो अजून उजवीकडे वळणारी डिस्क घेतो, तीही वर चढते, मग तो तिसरी घेतो. चारही डिस्क एकच गोष्ट सांगत होत्या: मनगट वर वळतंय.

याच्या उलटही होतं, आणि तो घोटाळा पकडायला आणखी कठीण. सोडताना हात एका पातळीत चालला नाही, मनगट उलटं पडलं, की डिस्क हातातून डगमगत निघते आणि उजवीकडे वळत जाते. भोवरा बरोबर सोडला नाही तर आरीवर स्थिर होण्याआधी जसा हेलकावे खातो तशी. आता बघणाऱ्याला वाटतं, डिस्क फारच हलकी, फारच वळणारी आहे. तो ठामपणे डावीकडे पडणारी डिस्क विकत घेतो. ती त्याची चूक झाकते आणि सरळसारखी जाते. तो खूश. सहा महिन्यांनी हात जरा सुधारला की तीच डिस्क डावीकडे आपटायला लागते, आणि हे कुठून आलं ते त्याला कळत नाही. अशी चूक झाकणारी एक डिस्क माझ्याकडे दीड वर्ष होती, म्हणून इतक्या खात्रीने सांगतो.

मिडरेंजचा खरा उपयोग इथेच कळतो. तिचा काठ सव्वा सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे ती मध्यम वेगातही पूर्ण उडून दाखवते. हातून काय झालं ते ती लपवत नाही. ड्रायव्हरच्या बाबतीत वेग कमी पडला की चूक झाली, हेच समजत नाही.

त्या रविवारी आम्ही जे केलं ते असं. पळत येणं बंद, उभ्या उभ्या फेक. अंतर तीस मीटर, समोर वीटभर उंचीची खूण. हस्तांदोलनाला हात पुढे करावा तसं मनगट ठेवून, मग तांब्यातून पाणी ओतताना ते जसं खाली झुकतं तसं झुकवायचं. एवढ्याने नाक खाली येतं. पहिल्या वीस फेकींत निम्म्या जमिनीत घुसल्या. मी म्हटलं, घुसू दे, वर जाण्यापेक्षा बरं. त्यानंतर बाहेरचा काठ थोडा खाली कलता ठेवून सोडायची आणि ती किती उचलते ते बघायचं. डिस्क सपाट होऊन सरळ गेली तर वेग पुरेसा मिळाला. कलतीच राहून डावीकडे गेली तर वेग कमी. प्रत्येक फेकीनंतर वहीत तीनच गोष्टी: नाक वर की खाली, डगमगली का, वारा कुठून. अंतर लिहायचं नाही. अंतर लिहिलं की माणूस ताकद लावतो, आणि मग बाकीचं सगळं बिघडतं.

आठवड्यातून दोन सकाळ, दर वेळी साठ-सत्तर फेकी, एकच डिस्क. दुसऱ्या महिन्यात वहीतल्या ‘नाक वर’च्या खुणा विरळ झाल्या. मग त्याला पहिल्या तीन डिस्क पुन्हा पिशवीतून काढायला लावल्या. त्यातली एक, जी त्याने ‘टोटल बकवास’ म्हणून ग्रुपवर विकायला टाकली होती, पंचावन्न मीटर तरंगत गेली आणि गुलमोहराच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर बसली. वॉचमनने तिकडून ओरडून विचारलं, “आज ताटली बदलली काय?”

भाच्याने विक्रीची पोस्ट तिथे उभ्या उभ्याच काढून टाकली. उरलेल्या दोनपैकी एक आता माझ्याकडे आहे. कंगोरा असूनही, पावसाळ्यापुरती.