गाडी सापडल्यास घ्यावयाची काळजी

गाडी चोरीला गेली तर घाबरू नका. सापडली तर मात्र जपून. चोराकडे असते तोवर गाडी निदान चालू असते. तो पेट्रोल टाकतो, हवा मारतो. पोलिसांना सापडली की तिचा मुद्देमाल होतो.

ज्यांना ‘तुमची गाडी मिळाली, पोलीस ठाण्याला या’ असा फोन येणार आहे, त्यांच्यासाठी ताज्या अनुभवाचे चार बोल.

जाताना पेढे नेऊ नका. पेढे संपतात, गाडी मिळत नाही.

गाडी ओळखायला शिका. माझी स्कूटर आवारातल्या कडुलिंबाखाली एका मोडक्या रिक्षाला टेकून होती. पुढच्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) रंगवलेला, त्याचे ओघळ पार मडगार्डवर. आरसे नाहीत, बॅटरी नाही, पाय ठेवायच्या जागी कुत्रीची पिल्लं. ‘चोराने काढली असेल बॅटरी,’ मी म्हणालो. हवालदारही मनापासून म्हणाले, ‘असेल, असेल.’ पुढे जप्तीचा पंचनामा वाचला. त्यात बॅटरी होती.

आरसी, इन्शुरन्स, आधार यांच्या झेरॉक्स गठ्ठ्यानेच काढा.

मग कोर्टात अर्ज करा. आपलीच गाडी आपल्याला मिळावी म्हणून वकील लावण्यात एक वेगळीच मजा आहे. कोर्ट पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं, से द्यायला पोलीस पुढची तारीख घेतात आणि अखेर से येतो तो एका ओळीचा: योग्य तो आदेश व्हावा. आदेश होतो. तो घेऊन ठाण्यात धावावं, तर मुद्देमाल कारकून गणपतीच्या बंदोबस्ताला! चावी त्यांच्या खिशात. गणपती गेले की देवी बसतात. गाडी ताब्यात घेताना सुपूर्तनाम्यावर सही करताना हसू आवरा. ‘वाहनाच्या मूळ स्वरूपात बदल करणार नाही’ असं तुम्हीच लिहून द्यायचं असतं.

कायद्याला मात्र नावं ठेवू नका. सुप्रीम कोर्टाने २००२ सालीच सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलंय की मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते महिना, त्याहून जास्त ठेवू नका. (त्या खटल्यात मुद्देमाल बदलल्याचा आरोप पोलिसांवरच होता, हे जाता जाता.) १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, तर मुदतीच घातल्यात: चौदा दिवसांत मालाचं वर्णन, शिवाय फोटो, लागल्यास व्हिडिओ, आणि त्यानंतर तीस दिवसांत मालाचा निकाल लावा. पण मोजणी सुरू होते ती माल कोर्टापुढे हजर केल्यावर. हजरच केला नाही, तर कसले चौदा आणि कसले तीस?

अहो, चोरी माझी झाली! फिर्याद मी दिली. आरोपी जामिनावर सुटून हिंडतोय आणि त्याच तारखांना रजा टाकून मी कोर्टाच्या बाकावर. पुरावा जपतोय म्हणता? पावसात, पिल्लांखाली? माल कोर्टात नेणं अडचणीचं असेल तर बंधपत्र घेऊन तो मालकाला द्यायची मुभा पोलिसांना जुन्या कायद्यातही होती, नव्यातही आहे. वापरायला काय धाड भरलीय? फोटो काढा, चासी नंबर ताडून बघा, सही घ्या आणि द्या गाडी. मोबाइल तर दिवसभर हातातच असतो. आणि कोर्टाचा आदेश होऊनही चावी बंदोबस्तावर जात असेल, तर दुसरी करून ठेवा. ठाण्यासमोरच चावीवाला बसतो.